निऱ्यांतला डाग

मानपत्रं मीच लिहिलीत. तिन्ही.
प्रत्येकी दीडशे शब्द, समिती म्हणाली,
फ्रेम तेवढीच आहे.
'कर्तृत्वाचा ठसा' दोनदा आला होता,
एक खोडला.

दांडिया बाजारातल्या आमच्या कन्या छात्रालयात
आता खाली एटीएम आणि वर कोचिंग क्लास,
म्हणून सत्कार नवापुऱ्यातल्या हॉलमध्ये.
पंखे भाषणापेक्षा मोठ्यानं बोलतात.
माइकवाला पोरगा दर दोन मिनिटांनी,
'माजी, केटली वार?'
थांब रे बाबा. प्रमुख पाहुणे
सेव-उसळीपाशी अडकलेत.

पहिलं नाव विद्युल्लता भोइटे.
निवृत्त मुख्य अभियंता, पाणीपुरवठा.
विश्वामित्री चढली त्या साली
तीन रात्री पंपिंग स्टेशन सोडलं नाही.
हे मानपत्रात आहे.
आवारात मगर शिरली तेव्हा चौकीदाराला म्हणाली,
'असू दे, तीही ड्यूटीवर आहे.'
हे समितीनं काढलं.

दुसरी रेहाना काझी, कामगार न्यायालय.
बंद गिरणीचा हजेरीपट तिनं
भर कोर्टात वाचून घेतला,
अकराशे नावं, दोन दिवस,
मेलेल्यांचीसुद्धा.
वकील जांभया देत होते.
मागच्या बाकावर कुणीतरी
प्रत्येक नावाला हळूच 'हाजर' म्हणत होतं,
तिनं त्याला गप्प केलं नाही.

तिसरी नलू. नलिनी तुळपुळे, मेट्रन,
क्षयरोग्यांच्या वॉर्डात एकतीस वर्षं.
पेशंटला बेड नंबरानं हाक मारली
तर नवी सिस्टर असो की मोठा डॉक्टर,
नलू ऐकूच यायचं नाही असं करायची.

एवढं झालं की शब्द संपतात.
मला खरं तर साडीबद्दल लिहायचं होतं.

सात नंबरच्या खोलीत चांगली साडी एकच.
मोरपिशी, बारीक जरीकाठाची,
शरयू निंबाळकरची.
दुसऱ्या वर्षाला तिला लग्नासाठी घेऊन गेले
तेव्हा ट्रंक, कंपास, पुस्तकं सगळं नेलं,
साडी तेवढी उशीखाली ठेवून गेली.
चिठ्ठी नाही, काही नाही.
इस्त्री माझ्याकडे असायची.

विद्युल्लता आधी नेसली.
पाच पुरुषांनी विचारलं, 'लग्न कधी करणार?'
उत्तर तिनं नीट दिलं,
पण मुठीतलं पेन फुटलं.
निळा डाग, पाव आण्याएवढा.
लिंबू लावलं, दूध लावलं, नाही गेला.
मग आम्ही त्याच्यावरूनच निऱ्या मोजायला शिकलो:
डाग सापडला की तिथे तिसरी निरी,
आत दुमडायची, वर पिन.
रेहाना तशी नेसून गेली.
नलूला आखूड पडायची,
ती गुडघे जरा वाकवून उभी राहिली म्हणे
पूर्ण वीस मिनिटं.

मीही नेसले. दोनदा.
'कळवतो,' म्हणाले.
अजून कळवायचेत.
मग कारेलीबागेत मुलांची गणितं घेतली,
चाळीस वर्षं, घरातल्या घरात,
त्याचं मानपत्र कुणी लिहीत नाही,
आणि मीही लिहिणार नाही, उगाच कशाला.

शरयूचं आमंत्रण परत आलं.
पाकिटावर पोस्टमननं लिहिलंय, 'घर बंद'.
कधीपासून, ते नाही लिहिलं.

आता पहिल्या रांगेत तिघी बसल्यात,
पांढऱ्या केसांच्या, चष्मे शोधणाऱ्या.
शाली टेबलावर, प्लॅस्टिकमध्ये.
नलू मागे वळून मला खुणेनं विचारते,
पोटाशी बोट नेऊन, तिसऱ्या निरीच्या जागी:
आणलीस?

माझ्या पिशवीत आहे. इस्त्री करून.
काय करायचं तिचं ते ठरलेलं नाही.

'माजी, हवे बोलो ने.'
पाहुणे आले. माइक कुरकुरतो.
हातातला कागद सुरू होतो 'सन्माननीय'पासून.
मी चष्मा काढते,
म्हणते, खोली नंबर सात.
चौघी होतो. नाही,
पाच.